फोटो माझ्या फोनमधला, चेहरा दुसऱ्याचा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गुंत्याची आहेत: आपल्या हाती आलेली, पण मुळात दुसऱ्याची असलेली माहिती. सोशल मीडियावर स्वतःला कसं जपावं यावर भरपूर छापून येतं. आपल्यामुळे इतरांना झळ बसू नये म्हणून काय करावं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून निवडलेली पत्रं सगळी त्याच बाजूची आहेत. लिहिणाऱ्यांची नावं अर्थातच छापलेली नाहीत. ॲपमधले पर्याय अपडेटनुसार जागा बदलतात. सांगितलेल्या ठिकाणी काही सापडलं नाही तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत तो शब्द टाकून पाहा.

प्रश्न: घरच्या समारंभाचे ४० फोटो मी फेसबुकवर टाकले. दुसऱ्याच दिवशी एका पाहुण्या बाईंचा निरोप आला, 'मी ज्यात आहे ते फोटो काढून टाका.' कारण विचारलं तर सांगायला तयार नाहीत. फोटो मी काढले, समारंभ माझा. मग हक्क माझा नाही का?

उत्तर: फोटोवरचा हक्क वेगळा आणि फोटोतल्या माणसाचा हक्क वेगळा. कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याकडे असतो. तुमचा फोटो कोणी परस्पर विकला तर तुम्ही त्याला जाब विचारू शकता, तो त्याच्या जोरावर. पण त्या बाई त्या दिवशी कुठे होत्या, कोणासोबत होत्या हे सगळ्यांना दाखवायची मुभा कॉपीराइट देत नाही.

आणि कारण विचारू नका. त्रास देणाऱ्या एखाद्या माणसापासून त्या आपला ठावठिकाणा लपवत असतील, आजारपणाची रजा काढून आल्या असतील, किंवा फोटोत त्या त्यांना स्वतःला आवडल्या नसतील. तिन्ही कारणं सारखीच पुरेशी आहेत. कारण सांगायला भाग पाडलं, तर जे झाकायचं तेच त्यांना आधी तुमच्यापुढे उघडं करावं लागतं.

'घरगुती' ही सबब कायद्यातही किती तोकडी पडते त्याचा एक जुना दाखला आहे. स्वीडनमध्ये चर्चचं काम करणाऱ्या एका बाईंनी स्वतःच्या वेबपेजवर सहकाऱ्यांची माहिती हलक्याफुलक्या भाषेत लिहिली होती. एकीच्या पायाला दुखापत झाली आहे आणि त्यामुळे ती अर्धवेळच काम करते, असाही उल्लेख होता. सहकाऱ्यांना ते रुचलेलं नाही हे कळताच त्यांनी पानं काढूनही टाकली. तरी प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २००३ मध्ये निकाल लागला: असंख्य लोकांना उघडता येईल अशा ठिकाणी टाकलेला मजकूर खासगी, घरगुती वापरात मोडत नाही, आणि पायाची दुखापत ही आरोग्याबद्दलची माहिती आहे. तेव्हा फेसबुक जन्मालाही यायचं होतं.

आता तुमचं काम. फोटोवरचा त्यांचा टॅग काढल्याने फक्त त्यांच्या नावाची जोड तुटते, फोटो जागेवरच राहतो. तो फोटोच काढा. तो कचरापेटीत गेला असेल तर ३० दिवस तिथे पडून राहतो, म्हणून तिथूनही काढा. तेच फोटो इन्स्टाग्रामवर, स्टेटसवर किंवा सामायिक अल्बममध्ये गेले असतील तर तिथेही शोधा. लोक नेमके अल्बम विसरतात. फोटो कोणी उतरवून पुढे टाकल्याचं तुम्हाला माहीत असेल तर त्या माणसाला तुम्हीच सांगा, ते ओझं बाईंवर टाकू नका. सामूहिक फोटो ठेवायचाच असेल तर त्यांना वगळून कातरा आणि नव्याने चढवा.

पुढच्या वेळी परवानगी घेताना 'फोटो टाकू ना?' एवढंच विचारून भागत नाही. कुठे टाकणार आणि कोणाला दिसणार, हे दोन्ही सांगा. घरच्या १५ जणांच्या ग्रुपला हो म्हणणारा माणूस सार्वजनिक पोस्टला हो म्हणालेला नसतो.

प्रश्न: सुनेने बजावलं आहे की नातवाचा एकही फोटो कुठे टाकायचा नाही. मला फक्त माझ्या मैत्रिणींना दाखवायचा असतो. आजीला एवढाही अधिकार नाही का?

उत्तर: आजी, दाखवण्याचा आनंद तुमचा आहेच. पण टाकायचा की नाही हे ठरवणं आईवडिलांचं, आणि मूल कळतं झालं की त्याचं स्वतःचं. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या एका न्यायालयापुढे नेमका असाच वाद आला होता. आजीने नातवंडांचे फोटो फेसबुकवर टाकले, मुलीने वारंवार सांगूनही काढले नाहीत. न्यायालयाने फोटो काढायला लावले, नाही काढले तर दिवसागणिक दंड असंही बजावलं. तुमच्या घरात गोष्ट इतकी ताणली जाऊ नये म्हणून सूनबाईंशी एकदा शांतपणे बसून काय चालेल आणि काय नाही हे ठरवा. पाठमोरा फोटो चालेल का? फक्त घरच्या ग्रुपवर चालेल का? बऱ्याच आईवडिलांचा नकार फोटोला नसतो, तो अनोळखी नजरांना असतो.

त्यांना कशाची भीती वाटते तेही समजून घ्या. एका फोटोत शाळेचा गणवेश दिसतो, दुसऱ्यात वाढदिवसाची तारीख कळते, तिसऱ्यात घराचं फाटक येतं, आणि खाली कौतुकाने कोणीतरी मुलाचं लाडकं नाव लिहितं. एकेक गोष्ट निरुपद्रवी असते. चारही एकत्र आल्या की अनोळखी माणूस शाळेबाहेर त्या मुलाला नावाने हाक मारू शकतो. अंघोळीचे, उघड्या अंगाचे, रडतानाचे किंवा दवाखान्यातले फोटो तर परवानगी असली तरी टाकू नयेत. मूल मोठं झाल्यावर त्याच्या वर्गमित्रांना ते सापडतात.

परवानगी मिळाली तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि त्यात स्टेटस उघडा. 'फक्त यांच्यासोबत शेअर करा' हा पर्याय घेऊन त्या चार मैत्रिणी निवडा. नाहीतर फोनमधलाच फोटो समोर धरून दाखवा. ते कोणीही अडवत नाही.

प्रश्न: एका ग्रुपमधल्या भांडणाचा स्क्रीनशॉट मी दुसरीकडे टाकला. नावावर फोनमधल्याच पेनने काळी रेघ ओढली होती. तरी कोणीतरी नाव वाचलंच. हे कसं होतं?

उत्तर: बहुधा तुम्ही मार्कर किंवा हायलायटर वापरला. फोनमधला काळा हायलायटर डोळ्यांना काळा दिसला तरी अर्धपारदर्शक असतो. चित्राचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची अक्षरं वर येतात. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, फोनच्या गॅलरीतली साधी सरकपट्टी पुरते.

चौकोन-चौकोन करून धूसर करण्याची पद्धतही लिखाणासाठी कच्ची आहे. अक्षरांचे आकार ठरावीक असतात. तोच टाइप घेऊन, वेगवेगळे शब्द तसेच धूसर करून कोणता जुळतो ते संगणकाला तपासता येतं, आणि नाव किंवा फोन नंबर तसा उकलू शकतो. लिखाणावर पूर्ण अपारदर्शक, एकाच रंगाचा भरीव चौकोन ठेवावा, तोही नावापेक्षा लांब. पट्टीची लांबी नावाच्या लांबीइतकीच असली तर ओळखीच्या माणसांना तेवढा सुगावा पुरतो.

कातरण्यातही एक फसवणूक असते. गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र-संपादकात २०१८ पासून एक दोष होता, तो मार्च २०२३ मध्ये उघड झाला आणि दुरुस्त झाला. कातरलेलं छोटं चित्र मूळ फाइलवरच लिहिलं जायचं, पण जुन्या फाइलचं उरलेलं शेपूट छाटलं जात नव्हतं. त्या शेपटातून कातरलेला भाग बऱ्याच अंशी परत उभा करता येत होता. विंडोजच्या स्क्रीनशॉट साधनातही त्याच सुमारास तसाच दोष सापडला. त्या काळात पाठवलेली जुनी चित्रं दुरुस्तीनंतरही जिथे आहेत तिथे तशीच आहेत.

म्हणून रीत अशी. झाका, कातरा, मग ते तयार चित्र पडद्यावर उघडून त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा. नव्या फाइलमध्ये पडद्यावर दिसलं तेवढंच उतरतं, खाली दडलेलं काही येत नाही. पीडीएफमध्ये तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. मजकुरावर काळा चौकोन काढला तरी खालची अक्षरं निवडून कॉपी होतात. वर्डमध्ये कातरलेलं चित्रही आत पूर्णच असतं, 'कातरलेले भाग पुसा' हा पर्याय वेगळा चालवावा लागतो.

पाठवण्याआधी नजर फिरवायच्या जागाही सांगतो: प्रोफाइलचं गोल चित्र, उत्तर देताना वर उमटणारा मूळ संदेश (त्यात नाव पुन्हा येतं), ग्रुपचं नाव, आणि पडद्याच्या वरच्या कडेला आलेली तुमची स्वतःची सूचना. सार्वजनिक पोस्टचा स्क्रीनशॉट असेल तर नाव झाकून फारसा उपयोग नाही. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं शोधलं की मूळ लेखक सापडू शकतो.

एवढं सगळं सांगूनही आमचं मत असं, की तो स्क्रीनशॉट टाकायलाच नको होता. बंद ग्रुपमध्ये माणूस समोरचे वीस चेहरे डोळ्यांपुढे ठेवून बोलतो. एखाद्याने धमकी दिली असेल, तर स्क्रीनशॉट तक्रारीसोबत संबंधितांकडे द्यावा, आणि तिथे काहीही न झाकता द्यावा. इतरांना मजा म्हणून दाखवायचा असेल, तर तो काळ्या पट्टीसकटही चुकीचाच.

प्रश्न: फोटोत घराचं ठिकाण लपलेलं असतं असं ऐकलं. व्हॉट्सॲपवर पाठवला तरी कळतं का?

उत्तर: फोनचा कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि, ठिकाणाची परवानगी दिलेली असेल तर, अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने 'फोटो' म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. पण दर्जा कमी होऊ नये म्हणून लोक तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतात, आणि मग मूळ फाइल जशीच्या तशी, ठिकाणासकट जाते. ईमेलला जोडलेल्या मूळ फोटोचंही तेच. नको असलेली वस्तू विकायला काढून तिचा घरी काढलेला फोटो अनोळखी माणसाला ईमेलने पाठवताना हे आठवावं.

कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'लोकेशन टॅग' बंद करा. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा असं जाऊन 'कधीच नाही' निवडा. जुने फोटो पाठवताना शेअर करण्याच्या पडद्यावर वरच्या बाजूला 'ऑप्शन्स' असतं, तिथे ठिकाण बंद करता येतं.

फाइल स्वच्छ केली तरी चित्र बोलतंच. मागची पाटी, खिडकीतून दिसणारी इमारत, गाडीचा नंबर, टेबलावरचं पाकीट. मैत्रिणीच्या नव्या घरी गेल्यावर काढलेल्या फोटोत पत्ता तिचा जातो, तुमचा नव्हे. विमानाच्या बोर्डिंग पासचा फोटोही नको. त्यावरच्या बारकोडमध्ये आणि आरक्षण क्रमांकात एवढं असतं की आडनाव जोडून दुसरा कोणी ते आरक्षण उघडू शकतो. आणि सोबतच्यांना विचारल्याशिवाय 'आम्ही आत्ता इथे आहोत' असं लिहू नका. तिथून निघाल्यावर टाकलं तरी आनंद तेवढाच राहतो.

धावण्याचे, सायकलचे मार्ग टाकणाऱ्यांसाठी एक आठवण. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळ्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, त्यात एकाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड प्रदेशात उजळलेल्या रेघा म्हणजे लष्करी तळांवर धावणारे सैनिक आहेत. घराभोवतीचा काही अंतराचा भाग झाकायची सोय अशा ॲपमध्ये असते, ती वापरा.

प्रश्न: आमच्या इमारतीच्या ग्रुपचा मी ॲडमिन आहे. २०० सदस्य. दोन जणींना अनोळखी माणसांचे संदेश येऊ लागले आणि बोट ग्रुपकडे दाखवलं जातंय. मी काय करू शकतो?

उत्तर: बोट बरोबर जागी आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याला प्रत्येकाचा नंबर दिसतो. २०० जणांच्या ग्रुपमध्ये एकीला न विचारता जोडलं, म्हणजे तिचा नंबर १९९ हातांत दिला. तेही नंबरापुरतं थांबत नाही. प्रोफाइल फोटो 'सगळ्यांना' ठेवलेला असेल तर तोही दिसतो.

आधी निमंत्रणाची लिंक रीसेट करा. जुनी लिंक कुठे फिरतेय ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही, रीसेट केल्यावर ती निकामी होते. नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल असा पर्याय सुरू करा. इथून पुढे कोणाला थेट जोडू नका. लिंक एकट्याला पाठवा, येणं न येणं त्याच्यावर सोडा. घर सोडून गेलेले भाडेकरू अजून ग्रुपमध्ये असतील तर त्यांना कळवून काढा. बहुतेक गळती अशाच विसरलेल्या सदस्यांकडून होते असा आमचा कयास आहे.

ग्रुप मुख्यतः सूचनांसाठी असेल तर त्याची 'कम्युनिटी' करा. कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये सामान्य सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीही चालते, तिच्यात कोणालाच दुसरा कोण आहे ते कळत नाही. मात्र ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. ईमेलने कळवत असाल तर सगळे पत्ते बीसीसीमध्ये (या रकान्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत), 'टू'मध्ये स्वतःचा.

सदस्यांची एक्सेल यादी ग्रुपवर टाकलेली आहे का? हा प्रकार फार दिसतो. नंबरांचा रकाना 'लपवून' पाठवलेली फाइल उघडणारा दोन क्लिकमध्ये तो परत दाखवतो. रकाना खोडून, नव्या नावाने साठवून मगच पाठवा. आधी टाकलेली फाइल, दुसऱ्या कोणी टाकली असली तरी, साधारण दोन दिवसांची मुदत उलटली नसेल तर ॲडमिन म्हणून तुम्ही सगळ्यांसाठी डिलीट करू शकता. ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहणार, म्हणून त्या दोघींना खरं काय झालं ते स्पष्ट सांगा.

त्यांनी स्वतः करायचं ते एवढंच: प्रायव्हसीमध्ये 'ग्रुप्स' उघडून मला कोण जोडू शकतं याला 'माझे कॉन्टॅक्ट्स' निवडायचं, आणि प्रोफाइल फोटोलाही तेच. त्रास देणाऱ्याला ब्लॉक करण्याआधी रिपोर्ट करायचं. रिपोर्ट केल्यावर त्या गप्पांमधले शेवटचे पाच संदेश व्हॉट्सॲपकडे जातात, म्हणून उत्तरं देत बसून खरे आक्षेपार्ह संदेश मागे ढकलू नयेत.

प्रश्न: 'हा चोर आहे, फोटो सगळीकडे पाठवा' असे संदेश येतात. पुढे पाठवणं हे नागरिक म्हणून कर्तव्य नाही का?

उत्तर: नाही. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाल्यावर हजारो उत्साही लोकांनी फोटो तपासून इंटरनेटवर 'संशयित' शोधले. त्यांनी ज्यांची नावं घेतली त्यांत एक बेपत्ता विद्यार्थी होता. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी फेसबुकवर पान काढलं होतं. त्यावर शिव्याशाप इतके आले की ते काही काळ बंद करावं लागलं. मुलाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण मदतच करतोय असं वाटत होतं.

संदेशावर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं, तर तो तुमच्यापर्यंत येण्याआधी किमान पाच हात फिरून आलेला आहे. असा संदेश व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं, ते २०२० पासून. मधल्या कोणालाही मूळ माणूस माहीत नसतो. फोटो गूगल लेन्समध्ये किंवा टिनआय या संकेतस्थळावर टाकून पाहा. तोच फोटो जुन्या तारखेला दुसऱ्याच देशातल्या बातमीत सापडला की विषय संपला. सापडला नाही म्हणून संदेश खरा ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

हरवलेल्या मुलांच्या संदेशांचं दुखणं वेगळं. ते कित्येकदा खरे असतात, पण मूल सापडल्यावरही थांबत नाहीत. मुलाचा चेहरा, नाव आणि आईचा नंबर पुढची कित्येक वर्षं फिरत राहतो. पोलिसांच्या किंवा अधिकृत संस्थेच्या पानावर तेच आवाहन असेल तर त्या पानाची लिंक द्या. मूल सापडलं की मूळ पानावर ते लिहिता येतं. फॉरवर्ड झालेल्या चित्रावर कोणीच काही लिहू शकत नाही.

प्रश्न: कॉलेजच्या ग्रुपवर एका मुलीचा खासगी फोटो कोणीतरी टाकला. मी तिला ओळखते. तिला सांगू का? तो फोटो पुरावा म्हणून जपून ठेवू का?

उत्तर: सांगा, पण एकटीला, आणि फोटो न पाठवता. 'अमुक ग्रुपवर, अमुक वेळी, या नंबरवरून तुझा एक फोटो आला आहे, तुला हवी ती मदत करते' इतकंच. तिला तो पुन्हा पाहायला लावायचं नसतं.

पुरावा ठेवायचा तो पाठवणाऱ्याचा: नंबर, वापरकर्ता-नाव (दाखवायचं नाव कधीही बदलता येतं), तारीख-वेळ, ग्रुपचं नाव, आणि वेबवर असेल तर पूर्ण पत्ता. फोटो स्वतः साठवू नका, 'सावध करण्यासाठी'सुद्धा कोणाला दाखवू नका. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर असं चित्र नुसतं जवळ बाळगणं हाही अनेक देशांत गंभीर गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र आपोआप गॅलरीत आणि तिथून क्लाउडवर गेलेलं असू शकतं. गप्पांमधून पुसून भागत नाही, गॅलरी पाहा. गूगल फोटोजची कचरापेटी बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ठेवते, तीही रिकामी करा. मात्र गप्पांमधून पुसण्याआधी संदेश रिपोर्ट करा आणि ॲडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगा, त्याच तासात.

तिच्यासाठी दोन मोफत सेवा आहेत. वय १८ पूर्ण असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग, जी २०२१ पासून ब्रिटनमधली एक संस्था चालवते. फोटोच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असेल तर 'टेक इट डाउन', जी अमेरिकेतलं बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीचं राष्ट्रीय केंद्र चालवतं. दोन्हींत फोटो कोणाकडेही जात नाही. तिच्याच फोनवर फोटोवरून एक लांब आकडा तयार होतो, माणसाच्या बोटाच्या ठशासारखा, आणि फक्त तो आकडा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक वगैरे सहभागी कंपन्यांकडे जातो. तिथे जुळणारं चित्र आढळलं की ते काढता येतं. स्टॉपएनसीआयआयवर शेवटी मिळणारा प्रकरण क्रमांक आणि पिन लिहून ठेवावा. तो हरवला तर पुढे काय झालं ते पाहता येत नाही.

या उपायाच्या मर्यादाही तिला आधीच सांगा. चित्र कातरलं, त्यावर काही लिहिलं तर ठसा जुळेलच असं नाही, म्हणून मिळतील तेवढ्या आवृत्त्यांचे ठसे द्यावेत. सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर आणि व्हॉट्सॲपच्या बंदिस्त गप्पांमध्ये ही जुळणी पोचत नाही. कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. पैसे मिळाले की मागणी वाढते. त्याच्याशी झालेल्या गप्पा रागाच्या भरात पुसू नयेत, पोलिसांना त्याच लागतात.

आणि त्या मुलीने फोटो मुळात काढलाच का, हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारला तर त्याला तिथेच थांबवा. ज्याच्याकडे विश्वासाने दिला, त्याने तो बाहेर काढला. चूक तिथे आहे.

प्रश्न: 'व्ह्यू वन्स'ने पाठवलेला फोटो सुरक्षित असतो ना?

उत्तर: एकदा पाहून नाहीसा होतो आणि व्हॉट्सॲप त्याचा स्क्रीनशॉट अडवतं, हे खरं. शेजारी दुसरा फोन धरून फोटो काढला तर ते कोण अडवणार? दुसऱ्या कोणाचं काही पाठवायला ही सोय वापरू नका. तसंच 'सगळ्यांसाठी डिलीट' दोन दिवसांहून थोडं अधिक काळ चालतं, पण तोवर चित्र समोरच्याच्या गॅलरीत उतरलेलं असेल तर तिथे ते राहू शकतं.

प्रश्न: एक मजेशीर ॲप माझे सगळे कॉन्टॅक्ट्स मागतंय. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, देऊ का?

उत्तर: ते कॉन्टॅक्ट्स तुमचे नाहीत, इतरांचे आहेत. तुमच्या फोनमध्ये कोणाचं तरी नाव 'डॉक्टर, त्वचारोग' असं असेल, कोणाच्या नावापुढे जुना पत्ता असेल. त्यांतल्या कोणीही त्या ॲपला हो म्हटलेलं नाही. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. माहिती ज्यातून गोळा झाली ती फेसबुकवरची ॲपमधली प्रश्नमंजूषा सुमारे २,७०,००० जणांनीच सोडवली होती. मित्रयादीतून पसरत फेसबुकच्याच अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली. बहुतेकांनी ते ॲप पाहिलंही नव्हतं.

नकार द्या, ॲप अडून बसलं तर काढून टाका. नव्या आयफोनमध्ये निवडक कॉन्टॅक्ट्स देण्याची सोय आहे. आधी दिलेले असतील तर फोनमधली परवानगी काढून काम अर्धंच होतं, कारण चढवलेली यादी त्यांच्याकडे राहते. ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'कॉन्टॅक्ट सिंक' बंद करून चढवलेले कॉन्टॅक्ट्स पुसण्याचा पर्याय शोधा.

प्रश्न: वडील वारले. त्यांचा फोन आणि पासवर्ड माझ्याकडे आहे. त्यांच्या फेसबुक खात्याचं काय करू? त्यांचे संदेश वाचावेसे वाटतात.

उत्तर: वाटणं साहजिक आहे. तरी आमचा सल्ला, त्यांच्या नावाने लॉगिन करू नका. एक कारण तांत्रिक आहे. खातं उघडताच ते मित्रांना 'ऑनलाइन' दिसू शकतात, आणि त्याचा धक्का बसतो. दुसरं कारण मोठं. त्या संदेशांत निम्मं लिखाण दुसऱ्यांचं आहे. एखाद्या मित्राने आजारपण, कर्ज, घरातलं भांडण फक्त तुमच्या वडिलांना सांगितलं असेल, आणि तो माणूस आज हयात आहे. विशिष्ट कागद किंवा हिशोब हवा असेल तर त्या मित्रालाच विचारा.

फेसबुकला मृत्यूचा दाखला देऊन खातं स्मृतिखातं करता येतं. नावाआधी 'रिमेंबरिंग' येतं, कोणाला लॉगिन करता येत नाही, आणि वाढदिवसाच्या सूचना जाणं थांबतं. वडिलांनी हयातीत 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमला असेल तर तो प्रोफाइल फोटो बदलू शकतो, वर एक पोस्ट लावू शकतो. संदेश मात्र त्यालाही दिसत नाहीत. जवळचे नातेवाईक खातं कायमचं काढून टाकण्याची विनंतीही करू शकतात. त्याआधी त्यांच्या पोस्टमधले हवे ते फोटो तुमच्या खात्यातून दिसतील तेवढे उतरवून घ्या, कारण काढलेलं खातं परत येत नाही.

तुमच्या स्वतःच्या खात्याची सोय आत्ताच करता येईल. फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'मेमोरियलायझेशन' शोधा आणि एक व्यक्ती नेमा किंवा खातं पुसायला सांगा. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे: खातं किती महिने वापरात नसलं की काय करायचं, आणि कोणाला काय द्यायचं, हे तिथे एकेक निवडता येतं. फोटो द्या, ईमेल मात्र निवडू नका.